पैशाची खूण : हुंडीपासून कार्डापर्यंत



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि राजेराजवाडे उभे राहतात. परंतु आपल्या घरात रोज जो पैसा येतो-जातो त्यालाही इतिहास आहे, आणि त्या पैशावर डोळा ठेवून बसलेल्या ठकांचाही आहे. स्मरणिकेसाठी लेख द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. कारण गेल्या वर्षभरात आपल्या बैठकीत भजनापेक्षा आणि भिशीपेक्षाही अधिक बोलणे कशाचे झाले असेल, तर ते ओटीपी नावाच्या आकड्यांचे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि मनाला पटले, तेवढेच येथे मांडीत आहे.

आपल्या मुलखातील दोन रुपये

लासूर गाव शिवना नदीकाठचे, दाक्षायणी देवीमुळे पंचक्रोशीत जाणते. लासूर स्टेशन मात्र नावाप्रमाणे रेल्वेने वसविले. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग सुरू झाला, आणि स्टेशनाभोवती आडत, दुकाने व बाजार वाढत गेला. त्या काळी मनमाडहून गाडी निघाली की नगरसूलपर्यंत इंग्रजांचा मुलूख असे, आणि रोटेगाव आले की निजामाचा. नुसता अंमलच बदलत नसे, पैसाही बदलत असे. तिकडे इंग्रजी कलदार रुपया, तर इकडे हैदराबाद संस्थानचा हाली सिक्का. सहा कलदार रुपयांना साधारणपणे सात हाली रुपये पडत.

आमच्या आजेसासूबाई सांगत की बाजारात भाव विचारताना "हाली की कलदार?" हे आधी विचारावे लागे. ज्याला हा हिशेब कळत नसे त्याला बट्ट्यात हमखास नागविले जाई. शिवाय नाणे खरे की खोटे हे पाहणे वेगळेच. सराफ ते दगडावर आपटून आवाज ऐके. चांदी चोख असेल तर नाणे खणखणीत वाजे, भेसळ असेल तर बद्द आवाज येई. आज आपण एखाद्याला "खणखणीत नाणे" म्हणतो, तो शब्द या पारखीतूनच आला आहे. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात तेही शोभेसाठी नव्हेत. गुळगुळीत कडेची चांदी कानसून चोरता येई आणि कोणाच्या ध्यानात येत नसे; दातेरी कड कानसली की चोरी उघडी पडे. म्हणजे पैशाच्या अंगावरच त्याची राखण कोरलेली होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि पुढे हाली सिक्का व्यवहारातून गेला. त्यानंतर १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळा आण्यांचे शंभर पैसे, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा. पाव पैसा कोठून द्यायचा? त्यासाठी सरकारला कोष्टके छापावी लागली, आणि ज्यांना कोष्टक वाचता येत नव्हते त्यांना दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागले. या दोन्ही प्रसंगांवरून मला एक गोष्ट दिसते. पैशाचे रूप बदलले की काही वर्षे सामान्य माणूस भांबावलेला असतो, आणि तीच वर्षे ठकांच्या सुगीची असतात. आज आपण अशाच एका सुगीत उभ्या आहोत.

हुंडीची हुशारी

जुन्या काळी दूरगावी रक्कम पाठवायची तर थैली घेऊन जाणे धोक्याचे होते. वाटेत लूटमार होई. म्हणून सावकारांनी हुंडी काढली. एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर चिठ्ठी लिहावयाची, की हा कागद आणील त्यास इतके रुपये द्यावे. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती.

पण कागद तर कोणीही चोरील, कोणीही आकडा बदलील. त्यावर या माणसांनी केलेली योजना वाचून मी थक्क झाले. हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. आकडा लिहावयाचा, अक्षरे लिहावयाची, पुन्हा त्याची निमपट लिहावयाची आणि त्या निमपटीची दुप्पट इतके द्यावे असेही लिहावयाचे. शंभरावर एक शून्य चढविणाऱ्याला मग पन्नासही बदलावे लागत, आणि तेथे तो सापडे. हुंडी हरवली तर तिच्याऐवजी पैठ लिहून मिळे, पैठही हरवली तर परपैठ. पण त्यांपैकी एकीवर पैसे दिले गेले की बाकीच्या रद्द. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत. तिच्यावर पुन्हा दमडी मिळत नसे.

यातील शहाजोग हुंडीची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ही हुंडी कोणाही वाटसरूला वटविता येत नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा शहाच्या, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातूनच तिचे पैसे मिळत. उद्या काही घोटाळा निघाला तर धरावयास माणूस ठाऊक असे. पूर्वी शहाजोग म्हणजे पतीचा, भरवशाचा. आज आपण "किती शहाजोगपणे बोलतो हो!" म्हणतो तेव्हा आपल्या मनात वरून साळसूद आणि आतून लबाड माणूस असतो. शब्द पालटला तो उगाच नव्हे. भरवशाचे सोंग घेऊन फसविणारे तेव्हाही पुष्कळ भेटले असणार.

१८८० साली आपल्या देशात टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत राबणारा मुलगा गावाकडे आईला पैसे धाडी, पोस्टमन दारात येऊन नाव विचारी, सही किंवा साक्षीदारासमक्ष अंगठा घेई, आणि पैसे पोचल्याची पोच धाडणाऱ्याला परत जाई. २०१५ साली ही जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद झाली. पण ओळख पटल्यावाचून पैसा द्यावयाचा नाही आणि दिल्याची पोच मिळाली पाहिजे, हे तिचे दोन्ही नियम आजच्या मोबाईलमध्ये जसेच्या तसे आहेत. आपल्या फोनवर बँकेचा जो संदेश येतो, ती पोचच होय. ती न वाचता पुसून टाकणे म्हणजे पोस्टाची पोच चुलीत घालण्यासारखे आहे.

कार्ड आणि चार आकडे

१९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लब नावाचे कार्ड निघाले. ते दाखवून उपाहारगृहात जेवावे आणि पैसे महिनाअखेर द्यावे, अशी ती सोय. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणले. क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेच्या उधारीवर खरेदी, आणि डेबिट कार्ड म्हणजे आपल्याच खात्यातील पैसा, हा फरक ध्यानात ठेवावा.

पैसे देणारे यंत्र म्हणजे एटीएम. त्यातील एक यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफील्ड येथे बार्कलेज बँकेने बसविले. ते योजणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडे शिलाँगचा. त्यांनी स्वतःच सांगितले आहे की गुप्त आकडे आधी सहा ठेवण्याचा त्यांचा विचार होता. स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्यांनी पत्नीला विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की मला चारच आकडे लक्षात राहतात. म्हणून पिन चार आकड्यांचा झाला. एका गृहिणीच्या शब्दाने साऱ्या जगाचे कुलूप ठरले, हे वाचून मला फार बरे वाटले. हिंदुस्थानात असे यंत्र १९८७ साली मुंबईत आले.

पुढे चोरांनी यावरही तोड काढली. कार्डाच्या पाठीवर जी काळी पट्टी असे, तीत खात्याची माहिती कायमची एकच असे. दुकानात किंवा यंत्राच्या तोंडाशी लपवून ठेवलेल्या साधनावर कार्ड घासले की पट्टीची नक्कल होई आणि दुसरे कार्ड तयार. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत जुनी पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले. चिप प्रत्येक वेळी नवी खूण तयार करते, त्यामुळे कालची चोरलेली खूण आज चालत नाही. त्याआधीच, ऑगस्ट २००९ पासून, घरबसल्या कार्डाने पैसे देताना कार्डावरील आकड्यांखेरीज आणखी एक गुप्त खूण मागितली जाऊ लागली. त्यातूनच पुढे ओटीपी घरोघर पोचला. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी आणि थोड्या मिनिटांत मरणारी खूण. आणि ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या संकेतस्थळांनी आपल्या कार्डाचा खरा आकडा साठवून ठेवू नये, त्याऐवजी एक पर्यायी खूण ठेवावी, असा नियम झाला. ही नियमावली वाचताना मला त्या हुंडीतील निमपटीची आठवण होते.

पुण्याचे प्रकरण

आपल्या महाराष्ट्रातील एक मोठी घटना येथे सांगितली पाहिजे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कार्डाने पैसे मागितले असता "द्या" किंवा "देऊ नका" असे सांगणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा घुसविली. मग बनावट कार्डे घेऊन निरनिराळ्या गावी उभ्या असलेल्या माणसांनी एटीएममधून पैसे काढण्यास आरंभ केला. खात्यात शिल्लक आहे की नाही हे पाहावयाचे काम चोरांचीच यंत्रणा करीत होती, आणि ती प्रत्येकाला होय म्हणत होती. काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये गेले, आणि आपल्या देशातून सुमारे अडीच कोटी; त्यात कोल्हापूरची यंत्रेही होती. सोमवारी, १३ तारखेस, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने त्या वेळी सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना शिक्षा दिली.

हे सांगण्याचे कारण असे की बँकेचे कुलूप फोडावयाचे तर केवढा खटाटोप करावा लागतो ते कळावे. देशोदेशी माणसे उभी करावी लागतात, यंत्रे जाणणारे लागतात. एवढे कष्ट प्रत्येक चोर कसे घेईल? त्याला सोपी वाट ठाऊक असते. कुलूप फोडण्यापेक्षा मालकिणीकडून किल्ली मागून घ्यावी!

किल्ली मागणारे

२०१४ च्या ऑगस्टपासून जनधन खाती उघडली. २०१६ साली यूपीआय आले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. भाजीवाल्याच्या गाड्यावर चौकोनी ठिपक्यांचा कागद लागला. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये थेट आपल्या खात्यात येऊ लागले. ज्या हातांनी आजवर पैसा डब्यात आणि पदराच्या गाठीत ठेवला, त्या हातात बँकेची किल्ली आली. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ठकांची नजर आपल्याकडे वळली आहे.

त्यांच्या युक्त्या वरवर निराळ्या दिसतात. कोणी बँकेचा साहेब होऊन केवायसी करावयास सांगतो. कोणी आज रात्री वीज तोडू म्हणतो. कोणी लग्नपत्रिका म्हणून फाईल धाडतो. ती उघडली की फोन त्याच्या ताब्यात. कोणी पोलिसाचा वेश करून पडद्यावर येतो आणि "डिजिटल अटक" झाली म्हणतो, जी कोणत्याही कायद्यात नाही. पण गाळून पाहिले तर सर्वांत दोनच गोष्टी सापडतात. एक, तो घाई करतो. दुसरी, तो आपली खूण मागतो. सराफ नाणे वाजवून पाहण्यास वेळ घेई. ज्याचे नाणे खोटे असे तोच "लवकर करा" म्हणे.

म्हणून प्रत्येकीने एवढे पाळावे :

ओटीपी, पिन आणि कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे कोणासही सांगू नयेत. बँकेचा खरा माणूस ते कधी विचारीत नाही.

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. "पैसे धाडतो, पिन टाका" म्हणणारा चोर समजावा. ठिपक्यांचा चौकोन टिपून पिन टाकला तरी पैसे आपल्याकडून जातात.

बँकेचा दूरध्वनी क्रमांक मोबाईलवर शोधू नये. चोर तेथे आपले क्रमांक पेरून ठेवतात. कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेला क्रमांकच लावावा.

कोणाच्या सांगण्यावरून फोनमध्ये नवे ॲप घेऊ नये. आपला पडदा दुसऱ्याला दाखविणारे ॲप म्हणजे तिजोरी उघडताना चोराला शेजारी उभे करणे.

कार्डाने घरबसल्या खरेदी होत नसेल, तर ती सोय बंद ठेवावी. परदेशी व्यवहार बंद ठेवावा, आणि रोजची मर्यादा लहान करावी. ग्राहकाला ही बटणे देण्यास रिझर्व्ह बँकेने २०२० साली बँकांना सांगितले आहे. आपल्या शाखेत विचारावे.

खरेदीसाठी वेगळे लहान खाते ठेवावे. बाजारात जाताना आपण घरातील सारी रोकड थोडीच नेतो?

लपविणे हाच मोठा तोटा

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या गावातील एका भगिनीची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. शिवणकाम करून जमविलेले अठरा हजार रुपये वीजबिलाच्या खोट्या फोनवरून तिच्या खात्यातून गेले. तिला ते दहा मिनिटांत कळले. पण घरात बोलणी बसतील या भयाने तिने आठ दिवस कोणास सांगितले नाही. शेवटी सांगितले तेव्हा पैसे कोठल्या कोठे पोचले होते. आणि पुढे काय झाले? तिचा फोन काढून घेतला, कार्ड काढून घेतले. चोर मोकळा, आणि शिक्षा तिला.

पैसा चोराच्या पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाही. तेथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळतो. १९३० या क्रमांकावर लगेच दूरध्वनी केला तर पोलीस व बँका मिळून तो वाटेत अडवू शकतात. ही सोय २०२१ साली सुरू झाली. रात्र असो की सुट्टी, हाच क्रमांक लावावा, आणि त्याच वेळी बँकेला सांगून कार्ड बंद करावे. तक्रारीचा क्रमांक व वेळ वहीत लिहून ठेवावी. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर आणि पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्यावी.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व घालून दिले, ते प्रत्येकीने जाणावे. आपण खूण दिलेली नसताना, बँकेच्या किंवा तिसऱ्याच कोणाच्या दोषाने पैसे गेले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण कळविले, तर तोटा ग्राहकावर नाही. उशीर केला तर आपला वाटा वाढतो. आपणच खूण दिली असली तर कळवीपर्यंतचा तोटा आपला. पण कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यास फी पडत नाही. म्हणजे फसलेल्या बाईच्या बाजूनेही कायदा उभा आहे, फक्त तिने बोलले पाहिजे.

घरातील पुरुष मंडळींनाही एक विनंती. चोरी झाली की आधी दूरध्वनी करावा, बोलणी मागाहून द्यावी. न दिल्यास अधिक चांगले. शिकलेले अधिकारी आणि निवृत्त शिक्षकही या फोनांना फसले आहेत. घरात बोलण्याची सोय असेल तर पैसे वाचण्याची आशा असते.

आणि मंडळाला सुचवावेसे वाटते की येत्या वर्षात दर महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटे या कामासाठी ठेवावी. ज्या भगिनीला संदेश वाचता येत नाही तिला शेजारणीने तो वाचून दाखवावा, पण पिन मात्र जिचा तिनेच टाकावा. १९३० हा क्रमांक प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेवर ठळक लिहिलेला असावा. पैसा जपण्याच्या युक्त्या आपल्या पूर्वजांनी कागदावर आणि नाण्याच्या कडेवर लिहून ठेवल्या. आपण त्या तोंडपाठ करू या.